कार्ड ट्रंकेत, रुग्ण दवाखान्यात

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. छातीत कळ येते म्हणून एका निवृत्त हवालदारांना घरच्यांनी जीपमधून आमच्या सरकारी रुग्णालयात आणले. ईसीजीवर हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आम्ही दिले, पण पुढच्या अँजिओप्लास्टीसाठी मोठ्या रुग्णालयात हलवणे भाग होते. ‘ईसीएचएसचं कार्ड आहे का?’ असे विचारल्यावर पत्नी म्हणाल्या, ‘आहे की, ह्यांच्या ट्रंकेत. किल्ली कुठं ठेवतात, ते ह्यांनाच ठाऊक.’ पुतण्या गावी गेला, कुलूप तोडले आणि पहाटे कार्ड घेऊन आला. तोवर खासगी रुग्णालयाच्या काउंटरवर धाकट्या भावाने उसनवारी करून अनामत भरलेली होती.

सातारा, कोल्हापूर, सांगलीकडे घरटी सैनिक असलेली गावे आहेत. अशा भागात काम करणाऱ्या डॉक्टरला हा प्रसंग नवा नाही. माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. एकदाच वर्गणी भरायची. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तीही माफ. एरवी आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल आणि मग पॅनेलवरचे रुग्णालय, असा क्रम. तेच रुग्णालय हृदयासाठी पॅनेलवर असेल आणि डोळ्यांसाठी नसेल, असेही होते. तेव्हा रेफरल घेतानाच विचारून घ्यावे.

जीव धोक्यात असेल तर मात्र रेफरलची वाट पाहत बसू नये. जवळचे रुग्णालय गाठावे. ते पॅनेलवरचे असेल तर कार्ड दाखवल्यावर आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत आणि पॉलिक्लिनिकला कळवण्याचे काम रुग्णालयाचे. पॅनेलवर नसेल तर नातेवाइकांनी ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे, सगळी बिले जपावीत. परतावा सरकारी दरानेच मिळतो, वरचा फरक खिशातून जातो. इथे आम्हा डॉक्टरांचीही चूक होते. रुग्ण कोणत्या अवस्थेत आला हे डिस्चार्ज कार्डावर नीट न लिहिता आम्ही घाईने दोन ओळी खरडतो, आणि ‘तातडी होती’ हे सिद्ध करायला त्या कुटुंबाला पुन्हा आमच्याच दारात यावे लागते.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण आजारात नसून नावात आहे. पत्नीचे कार्ड वेगळे निघते आणि त्यासाठी तिचे नाव सैन्याच्या नोंदीत, पीपीओवर आणि आधारवर एकच हवे. आपल्याकडे लग्नात नाव बदलते. सैन्याच्या नोंदीत ‘पार्वती’, आधारवर ‘पार्वतीबाई’, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे तिसरेच. जन्मवर्ष तर बऱ्याचदा अंदाजानेच लावलेले. नवरा हयात असेपर्यंत हे खटकत नाही. तो गेला की पत्नीला स्वतःच्या हक्काने नवे कार्ड काढावे लागते, आणि त्याच वेळी ही ‘बाई’ आडवी येते. मधुमेहाची एक विधवा रुग्ण या खटपटीत असताना परवडेना म्हणून इन्सुलिन दिवसाआड घेत होती. पाय काळा पडला तेव्हा माझ्याकडे आली. दोन बोटे काढावी लागली. नावाची दुरुस्ती नवऱ्याने स्वतः रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून घेतली, तर काम पुष्कळ सोपे होते. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात.

ते हवालदार आता चालतेफिरते आहेत. गेल्या आठवड्यात दोघे तपासणीला आले तेव्हा बाईंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दोन्ही कार्डे काढून दाखवली. सोबत पॉलिक्लिनिकचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठीही होती. सुनेच्या मोबाइलमध्ये कार्डांचे फोटो आहेत. जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज मात्र अजून रेकॉर्ड ऑफिसातच आहे.