वाजवलं कुणी, नाव कुणाचं?

गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो की लग्नाची वरात, भिलईच्या हुडकोपासून दादरपर्यंत ‘अलबेला’तलं गाणं सुरू झालं की आजोबांचेही पाय थिरकू लागतात. भगवानदादांची ती ढब अस्सल मराठी. पण त्या पायांखालचा ठेका आला कुठून?

तो आला अमेरिकेतून, आणि त्याआधी आफ्रिकेतून. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांना सोबत काही नेता आलं नाही. डोक्यातली लय तेवढी गेली. साउथ कॅरोलायनात १७३९ साली गुलामांनी उठाव केला आणि पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. मग टाळ्या आणि पायांचा ठेका हाच ढोल झाला. आफ्रिकेतल्या वाद्यांच्या धर्तीवर भोपळ्याला तारा लावून त्यांनी बँजो घडवला. शेतात राबताना एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. आपल्या भजनात किंवा छत्तीसगडच्या पंडवानीत साथीदार साद देतात, तसंच काहीसं. न्यू ऑर्लिन्समध्ये या लयीची गाठ युरोपीय बँडच्या ट्रम्पेट-क्लॅरिनेटशी पडली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅझ आकाराला आलं.

१९३५ साली लिऑन ॲबे या कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंताचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकून मुंबईत आलेल्या तरुणांनी हे संगीत झटकन उचललं. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ त्यांपैकीच एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने तो ट्रम्पेट वाजवी. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला साथीला घेतलं आणि १९५१च्या ‘अलबेला’ने सारा देश नाचवला.

चिकचं नाव निदान उरलं. चित्रपटात तो आपल्या बँडसह दिसतोही. पण स्वरलिपी लिहिणारे, वाद्यमेळ बांधणारे कितीतरी गोवेकर श्रेयनामावलीत कधी आलेच नाहीत. पहिला बँजो घडवणाऱ्या हातांचीही नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. गाणं सातासमुद्रांपार पोहोचलं. माणसं मात्र वाटेतच राहिली.

पुढच्या वेळी ते गाणं लागलं की मुलांना भगवानदादा जरूर दाखवा. आणि हो, मागचा ट्रम्पेटही ऐकवा. तो कुणी वाजवला, हे आता तुम्ही सांगू शकाल.