गावचं नाटक गावानंच करावं

एप्रिल सरत आला की मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. शाळांना सुट्टी लागलेली, फणस पिकू लागलेले आणि गावात देवीचा उत्सव, नाहीतर वाडीची सत्यनारायणाची पूजा ठरलेली. आरती-प्रसाद उरकला की मांडवात सतरंज्या पडतात. देवळाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं : ‘रात्रौ ठीक १० वाजता, तीन अंकी नाटक’. खाली नटांची नावं, आणि ती सगळी ओळखीची. शाळेचे गुरुजी, रिक्षा चालवणारा तरुण, मुंबईत बँकेत शिपाई असलेले कुणाचे तरी काका.

त्या एका रात्रीसाठी दोन-अडीच महिने खपलेले असतात. मुंबईकर मंडळी दर रविवारी विरारला किंवा दिव्याला कुणाच्या तरी खोलीत जमून वाचन करतात. गावाकडचे नट रात्री जेवणं झाली की शाळेच्या पडवीत तालमीला बसतात. दोन्ही निम्मे संच एकत्र येतात ते प्रयोगाच्या आधीच्या दोन-तीन रात्री. तालुक्याहून भाड्याची ड्रेपरी येते, राजवाड्याचे आणि जंगलाचे रंगवलेले पडदे येतात. सुतार स्टेज बांधतो, वायरमन दिवे लावतो, आवाज बसलेल्या नटाला कुणाची तरी आजी ज्येष्ठमध देते. प्रॉम्प्टर वही घेऊन विंगेत उभा राहतो आणि घंटा होते.

अलीकडे बऱ्याच गावांत त्या फळ्यावर नाटकाऐवजी ऑर्केस्ट्राचं नाव दिसतं. वर्गणी तीच निघते, पण ती विकत आणलेल्या कार्यक्रमावर खर्च होते. कारणं खोटी नाहीत. नोकरीत रजा मिळत नाही, तालमीला माणसं जमत नाहीत, प्रेक्षकही तीन अंक बसत नाहीत. तरीही गावांनी आपलं नाटक सोडू नये. ऑर्केस्ट्रा रात्री येतो आणि सकाळी निघून जातो. नाटक मात्र दोन महिने गावाला एका कामाला जुंपतं, आणि एरवी एकमेकांशी न बोलणाऱ्या घरांनाही एका पडद्याआड आणतं.

हौशी रंगभूमीकडे मोठ्या रंगभूमीची कच्ची आवृत्ती म्हणून पाहण्याची सवय आपल्याला जडली आहे. इतिहास तसं सांगत नाही. पुण्यात १९५१ साली भालबा केळकर आणि श्रीराम लागू यांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी केली, ती हौसेपोटीच. लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. ते पूर्णवेळ नट झाले १९६९ साली, वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’मधल्या संभाजीच्या भूमिकेनं. याच संस्थेनं १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ उभं केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. हे नाटक राज्य नाट्यस्पर्धेसाठी बसवलेलं होतं. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून तालमीला येणाऱ्यांनीच मराठी नाटकाला पुढे नेलं आहे.

आणि कोकणातल्या गावच्या नाटकाचं ऋण तर व्यावसायिक रंगभूमीवर फार मोठं आहे. गंगाराम गवाणकर राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. गावात पाहिलेल्या हौशी नाटकांच्या धांदलीतून त्यांना ‘वस्त्रहरण’ सुचलं. १९८० साली ते रंगमंचावर आलं, मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचानं ते घराघरांत नेलं आणि प्रयोगांची संख्या ५,००० च्या पुढे गेली. मालवणी बोली त्या नाटकामुळे शहरी नाट्यगृहांत मानानं वावरू लागली. गावच्या मांडवात कुणी नाटकच केलं नसतं तर हे लिहिलं कशावरून गेलं असतं?

गोव्यात ही परंपरा अजून अंगात मुरलेली दिसते. घरात कोंकणी बोलणारी माणसं जत्रेला, काल्याला, शिगम्याला मराठी पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकं करतात आणि लांबलचक स्वगतं न अडखळता म्हणतात. पोर्तुगीज अमलात मराठी शिक्षणाची वाट बिकट होती, तेव्हा देवळांपुढच्या या नाटकांनी भाषा लोकांच्या तोंडी ठेवली. आज कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या संघांमागेही गावोगावचा हा सराव आहे.

मात्र गावच्या नाटकाची बाजू घेताना त्यातली एक मोठी उणीव झाकून चालणार नाही. रंगमंचावर गावातल्या बाया नसतात. त्या प्रसाद रांधतात, मांडव सारवतात, पुढच्या सतरंजीवर बसून नाटक पाहतात. स्त्री-भूमिकेसाठी मात्र शहरातून नटी ठरवून आणली जाते. ती बहुतेकदा प्रयोगाच्या दिवशीच पोचते, एक धावती तालीम करते आणि रात्री अख्खं नाटक सावरून नेते. तिचं कसब वादातीत आहे. पण बारावीत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवणारी गावची मुलगी येसूबाई का करू शकत नाही, याचं उत्तर गावाजवळ नसतं. ‘लोक काय म्हणतील’ एवढंच पुढे येतं.

लोकांनी जे म्हणायचं ते फार पूर्वी म्हणून झालं आहे. १९३३ साली मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आलं, तेव्हा ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी त्यात स्त्रियांच्या भूमिका केल्या. ज्योत्स्नाबाई मूळच्या गोव्यातल्या बांदिवड्याच्या, म्हणजे गावातल्याच. त्याला नव्वदहून अधिक वर्षं उलटली. आज गावची मुलगी सरपंच होते, एसटीची वाहक होते, आणि तिच्याच गावच्या मांडवात तिला भूमिका मिळत नाही. हे आता थांबायला हवं. मुली आल्या की तालमीला त्यांच्या मैत्रिणी येतील, आया येतील, आणि माणसं जमत नाहीत ही तक्रारही बरीचशी मिटेल.

राहिला प्रश्न नियमांचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी रात्री १२ पर्यंत सूट देता येते, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. गावच्या उत्सवाची तारीख त्या १५ दिवसांत बसेलच असं नाही. त्यासाठी नियमांशी झगडत बसण्यापेक्षा नाटक संध्याकाळी साडेसातला सुरू करावं आणि दोन अंकी निवडावं. मुलंबाळं, म्हातारी माणसं शेवटपर्यंत जागी राहतील.

लेखकाच्या हक्कांबद्दलही गावात भीती असते. १९५७ चा कॉपीराइट कायदा हौशी मंडळांच्या बाबतीत उदार आहे. प्रेक्षकांकडून पैसे न घेता, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला हौशी प्रयोग तो हक्कभंग मानत नाही. तरी लेखकाला किंवा त्याच्या वारसांना पत्र पाठवून कळवावं आणि जमेल तेवढं मानधन द्यावं. गावाच्या नावाला ते शोभून दिसेल.

पुढच्या उन्हाळ्याची बैठक बहुतेक गावांत गणपतीत होते, कारण तेव्हा सगळे गावी असतात. त्या बैठकीतच नाटक ठरवावं. निवडताना स्त्री-भूमिका किती आहेत हे आधी पाहावं आणि त्या गावच्या लेकी-सुनांना द्याव्यात. वर्गणीतून ऑर्केस्ट्रावर जाणारी रक्कम ड्रेपरी, दिवे आणि तालमीच्या चहासाठी बाजूला काढावी. आणि ज्या नट्यांनी वर्षानुवर्षं गावोगावची नाटकं तारून नेली, त्यांना प्रयोगाच्या दुपारी बोलावण्याऐवजी आठ-दहा दिवस आधी सन्मानानं आणावं, पुरेसं मानधन द्यावं आणि गावातल्या मुलींची तालीम त्यांच्या हाती सोपवावी.