जाड लोकरीचा कैवार

लोकरीची प्रत ठरविताना तलमपणा हाच एकमेव निकष मानण्याची जी प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे, तिने दख्खनच्या मेंढीचे, ती राखणाऱ्या धनगराचे आणि तिच्या लोकरीपासून घोंगडी विणणाऱ्या सणगर-खुटेकर कारागिरांचे केवढे नुकसान केले, याची जाणीव सुशिक्षित समाजाला अद्याप पुरेशी झालेली नाही. हा विषय आज काढण्याचे कारण असे की, बोटाएवढ्या जाड सुतापासून सुयांनी, क्वचित नुसत्या हातांनीही विणलेली भरघोस पांघरुणे शहरांतील घरांत आवडीने वापरली जाऊ लागली आहेत. आणि अशा पांघरुणासाठी सूत निवडताना ग्राहकाची नजर एक तर परदेशी मेरिनोकडे जाते, नाही तर पेठेत लोकर म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या अ‍ॅक्रिलिककडे. आपल्याच जिल्ह्याच्या माळरानावर वाढणाऱ्या लोकरीचा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, 17,048 चौरस किलोमीटर विस्ताराचा आणि क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. त्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात 1,646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर पावसाने न्हाऊन निघते, आणि पूर्वेकडे व दक्षिणेकडे पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड असा जो मुलूख पसरला आहे तो पर्जन्यछायेत सापडून वर्षानुवर्षे अवर्षण सोसतो. जेथे शेतीचा भरवसा नाही तेथे मेंढीने माणसाला तारले. पारनेरच्या बाजूचे कळप पावसाळा सरला की घाट उतरून कोकणाकडे जातात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतो आणि जमिनीला खत मिळते. ऊन, वारा आणि दूरची चाल सोसणाऱ्या, बहुधा काळ्या वर्णाच्या या दख्खनी मेंढीची लोकर राठ आहे, केसाळ आहे, आणि वर्षाकाठी एका मेंढीपासून ती जेमतेम अर्धा-पाऊण किलो मिळते. तीन किलो वजनाचे एक जाड पांघरूण करावयाचे तर चार ते सहा मेंढ्यांची साऱ्या वर्षाची लोकर खर्ची पडेल, आणि धुताना-पिंजताना होणारी घट हिशेबात धरली तर त्याहूनही अधिक.

या राठ लोकरीचे मर्म आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. कोकराची पहिली कातरणी, जिला जावळ म्हणतात, ती मऊ असल्यामुळे तिची घोंगडी वेगळी विणावयाची आणि थोराड मेंढीची लोकर वेगळी ठेवावयाची, ही प्रतवारी कोणत्याही प्रयोगशाळेच्या मदतीवाचून चालत आली. लोकर पिंजून तिचे सूत कातावे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावी, ती वाळली की खड्ड्याच्या मागावर पट्टा विणावा, या क्रमात एकही पायरी अनाठायी नाही. खळीने केसाळ सुताला एकजीवपणा येतो आणि ताण सोसण्याचे बळ मिळते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि तिच्यातील नैसर्गिक मेणामुळे पावसाचे थेंब बराच वेळ वरच्या वर ओघळून जातात. खोळ करून डोईवर घेतलेली घोंगडी धनगराला भर पावसात रानात उभे राहू देते, ती या गुणांमुळे. पेट्रोलियमपासून घडविलेला अ‍ॅक्रिलिकचा धागा ओलावा जवळजवळ शोषतच नाही आणि विस्तवाशी गाठ पडताच वितळतो; लोकर सहजासहजी पेट घेत नाही.

सूत निवडताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की वस्तू अंगाला लागणार आहे की अंगावरच्या वस्त्रावर येणार आहे. साधारणपणे 30 मायक्रॉनहून जाड तंतू त्वचेला टोचतो. मेरिनोचा तंतू 24 मायक्रॉनच्या आत असतो, दख्खनीचा 40 च्या आसपास किंवा त्याहून जाड. तान्ह्या मुलाचे टोपरे किंवा गळ्याशी भिडणारा स्वेटर दख्खनीचा करावा असे कोणीही शहाणा माणूस सांगणार नाही. परंतु चादरीवर घ्यावयाचे पांघरूण, बैठकीवर अंथरावयाचा जाड पट, प्रवासात खांद्यावर टाकावयाचे वस्त्र यांना मऊपणाहून चिवटपणाची गरज अधिक असते. मेरिनोचे न कातलेले, नुसते ओढून लांबविलेले पेळू वापरून विणलेली पांघरुणे पहिल्या दिवशी ढगासारखी दिसतात. पण पिळावाचून तंतू एकमेकांना धरून राहत नाहीत, त्यामुळे थोड्याच वापराने त्यांवर गोळे धरतात आणि तंतू सुटू लागतात. जाडी हवी असेल तर ती सूत दुपदरी-तिपदरी करून आणि त्याला माफक पीळ देऊन साधावी, हाच टिकाऊ मार्ग होय. जावळाचे सूत कडेला व वरच्या पट्ट्याला आणि थोराड मेंढीचे सूत मधल्या भागाला घातले, तर हनुवटीशी मऊपणा आणि अंगभर मजबुती असे दोन्ही हेतू साधतील. सुयांचे विणकाम मागाच्या विणीहून अधिक ताणले जाते, आणि मोठे पांघरूण स्वतःच्याच वजनाने लांबत जाते. यास्तव आरंभी एक वीतभर चौकोन विणून, धुऊन, वाळवून त्याचे माप घ्यावे आणि मगच टाक्यांची संख्या निश्चित करावी.

एवढे गुण असूनही आज अनेक ठिकाणी लोकरीच्या विक्रीतून कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून द्यावी लागते. पानिपतच्या कारखान्यांतून जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून होणारी स्वस्त ब्लँकेटे गावोगावच्या आठवडे-बाजारांत पोहोचली आहेत. मेंढीचे मोल मांसावरून होऊ लागले आहे. फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरे देणारी नारी सुवर्णा ही मेंढी सिद्ध केली, ते कार्य थोरच आहे, कारण त्याने मेंढपाळाच्या हाती चार पैसे येतात. परंतु मांसासाठी पाळलेल्या मेंढीच्याही अंगावर लोकर येतेच, आणि जी कातरावीच लागते ती वाया जाऊ देणे हा शहाणा कारभार नव्हे.

म्हणून माझ्या मागण्या मर्यादित आणि सुस्पष्ट आहेत. 1968 साली स्थापन झालेले राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ दख्खनी मेंढीवर संशोधन करीत आले आहे. त्याने तालुक्याच्या ठिकाणी कातरणीच्या हंगामात जावळ, थोराड, काळी आणि पांढरी अशी प्रतवारी शिकविण्याची तजवीज करावी, कारण सरमिसळ झालेल्या लोकरीला कोणताही व्यापारी दाम देत नाही. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाने प्रतवार लोकर ठराविक भावाने खरेदी करून तिचे जाड सूत महिला बचत गटांना पुरवावे. आणि सरकारी आश्रमशाळा व विश्रामगृहे यांच्या पांघरुणांच्या खरेदीत देशी लोकरीचा काही हिस्सा राखून ठेवावा. मुलांसाठी सुती खोळ घातली की टोचण्याची अडचण राहत नाही.

हे महामंडळ ज्यांचे नाव धारण करते, आणि आता हा जिल्हाही ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यातील चौंडीच्या, धनगराच्या कुळात 1725 साली जन्मलेल्या. महेश्वरला राजधानी नेल्यावर त्यांनी बाहेरून विणकर आणून वसविले, त्यांच्या मालाला दरबाराचे गिऱ्हाईक दिले, आणि त्यातून जो धंदा उभा राहिला तो आजही त्या गावाला अन्न देतो. कारागिराला कौतुकाहून कायमचे गिऱ्हाईक अधिक उपयोगी पडते, ही गोष्ट त्यांनी कृतीने दाखवून दिली. त्यांचे नाव जिल्ह्याला देऊन झाले आहे. आता त्यांचे धोरण इथल्या मेंढपाळांच्या आणि विणकरांच्या कामी आणावे, आणि त्याचा प्रारंभ येत्या कातरणीच्या हंगामापासूनच व्हावा.