वऱ्हाडची गाडी, नागालँडची पाटी

“नॅशनल परमिट काढलं की गाडी देशभर चालते. मग पासिंग नागालँडचं केलं तर बिघडलं काय?” अकोल्याच्या डाळ मिलसमोर नाहीतर अमरावतीच्या एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात हा सवाल हमखास ऐकू येतो. मालक इथला, भाडं इथलं, पार्किंगही इथलंच. एमएच ३० किंवा एमएच २७ च्या जागी पाटी मात्र एनएल ०१ ची. तिथं टॅक्स कमी आणि कागद लवकर होतात, एवढंच त्यामागचं कारण.

या युक्तिवादात पहिली गफलत अशी की परमिट आणि नोंदणी एकच धरली आहे. परमिट म्हणजे धंद्याची मुभा. नोंदणी म्हणजे मालकाचा ठावठिकाणा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ४० सांगतं की मालक जिथं राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी जिथं एरवी उभी असते, तिथंच ती नोंदवायची. कलम ४७ प्रमाणे गाडी १२ महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहिली तर तिला तिथला नंबर घ्यावा लागतो. राज्य बदललं तरी चालणाऱ्या २०२१ च्या ‘बीएच’ नंबर-मालिकेचा दाखला देऊ नये. ती मालवाहू गाड्यांसाठी नाहीच.

दुसरी गफलत धंद्याच्या मुळावर येणारी आहे. नॅशनल परमिट आंतरराज्य वाहतुकीसाठी असतं. परराज्याच्या नंबरची गाडी एकाच राज्यातल्या एका गावाहून दुसऱ्या गावी माल नेऊ शकत नाही. वरूडची संत्री घेऊन एनएल गाडी कोलकात्याला गेली तर परमिटाची हरकत नाही. तीच गाडी अकोल्याची तूरडाळ वाशी मार्केटला घेऊन निघाली की नियम मोडला. अशा गाडीवर चलान फाटलं तर तक्रार कुणाकडे करणार?

“आम्ही टोल भरतो की!” हेही उत्तर तोकडं आहे. टोल हायवेचा. बागेतून वरूडला येणारा आणि मिलपासून हायवेला लागणारा रस्ता टोलच्या पैशातून होत नाही. तो दबतो इथं आणि टॅक्स जमा होतो कोहिमाच्या तिजोरीत.

नोंदणी आणि ठावठिकाणा यांची फारकत झाली की काय शिरकाव करतं, हे अमरावतीला सांगायला नको. २०२४ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी चोरीच्या ट्रकांचं प्रकरण उघड केलं. ईशान्येकडच्या राज्यांचे बनावट कागद करून गाड्या इथं पुन्हा नोंदवल्याचा आरोप झाला, अमरावती आरटीओतल्या अधिकाऱ्यांना अटकही झाली. दोष कोर्ट ठरवेल; पण दूरच्या कागदाची शहानिशा किती ढिली असते, ते दिसून आलं.

पण म्हणून “सगळे टॅक्सचोर, गाड्या जप्त करा” असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. दोन हजारांहून अधिक किलोमीटरवरचा नंबर कुणी हौसेनं घेत नाही. एकाच मॉडेलच्या गाडीला दोन राज्यांत वेगळा टॅक्स असेल आणि घरच्या आरटीओत एजंटाशिवाय फाइल हलत नसेल, तर मालक पळवाट शोधणारच. छापे घालून ही पळवाट बुजणार नाही.

ती बुजवायचा मार्ग आपल्याकडे आधीच आहे. २०१० पूर्वी नॅशनल परमिटासाठी घरचं राज्य धरून किमान चार राज्यं निवडावी लागत आणि प्रत्येक राज्याचे वर्षाला ५,००० रुपये वेगळे भरावे लागत. मे २०१० पासून देशभरासाठी वर्षाला एकच १५,००० रुपयांचं शुल्क आलं, पुढे ते १६,५०० झालं. पैसा एका ठिकाणी जमा होतो आणि ठरलेल्या सूत्रानं राज्यांना वाटला जातो. राज्यं बुडाली नाहीत, मालकाची दगदग मात्र वाचली. मूळ वाहन कराचंही तसंच करावं: वजनानुसार देशभर एक दर आणि गाडी जिथं धावते त्या राज्याला वाटा. कुठली गाडी कुठल्या टोलनाक्यावरून गेली, हे फास्टॅगला ठाऊक असतंच.

राज्यांनी दर एक करावेत, आरटीओनं एजंटाची गरज संपवावी, आणि मालकांनी पाट्या घरी आणाव्यात. सुरुवात मात्र सरकारनं करायची आहे. दर सारखे झाल्यावरही जो एनएलची पाटी मिरवील, त्याला खुशाल टॅक्सचोर म्हणा.