उशीर झाला, पण इंग्रजीत लिहायचे कसे?

मेमो आला की आपला कामगार बांधव तो कागद घेऊन इंग्रजी जाणणाऱ्याच्या दारात जातो. अशी अनेक उत्तरे आम्ही वाचली आहेत, लिहूनही दिली आहेत. पुष्कळदा विषय उशिरा येण्याचाच असतो आणि उत्तराची सुरुवात 'आय गॉट लेट' अशी.

हे का होते? मराठीत आपण 'मला उशीर झाला' म्हणतो. त्या 'झाला'चे आपण 'गॉट' करतो. इंग्रजीत मात्र माणूस स्वतः 'लेट' असतो. म्हणून 'आय वॉज लेट' असे लिहावे. 'इट गॉट लेट' हे वाक्य बरोबर आहे, पण त्याचा अर्थ फार वेळ झाली, रात्र झाली असा होतो.

आता मुद्द्याचे बोलू. 'आय वॉज लेट' म्हटल्याने उशीर कबूल होतो, कारण कळत नाही. सिग्नल बिघडून लोकल उभी राहिली असेल तर 'आय वॉज डिलेड बाय अ सिग्नल फेल्युअर' असे लिहावे. 'डिलेड' हे क्रियापद कारणाकडे बोट दाखवते. बोलताना 'आय वॉज हेल्ड अप' चालते. बस वाहनांच्या गर्दीत अडकली तर 'आय वॉज स्टक इन ट्रॅफिक'. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, माणसे रात्रभर वाटेतच अडकली. त्यांना 'डिलेड' शब्द अपुरा आहे. ती 'स्ट्रँडेड' होती.

'डिटेन्ड' मात्र जपून वापरावा. साहेबांनी कामासाठी थांबवून घेतले तरी तो चालतो; पण पोलिसांनी ताब्यात घेतलेल्यालाही हाच शब्द लावतात. 'लेटली' म्हणजे उशिरा नव्हे, अलीकडे. आणि नावाआधी 'लेट' लावले तर माणूस दिवंगत ठरतो!

घरातूनच उशिरा निघालो असू तर 'डिलेड'च्या आड लपू नये. 'आय लेफ्ट होम लेट. आय ॲम सॉरी' असे सरळ लिहावे. खोटे कारण एकदा पकडले गेले की पुढच्या वेळी खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

बांधवांनो, लेट मार्काने रजा जाते, पगार कापला जातो, आणि सहीचा कागद फायलीत राहतो. 'आय वॉज नेग्लिजंट' म्हणजे 'मी हलगर्जीपणा केला' अशी कबुली. गाडी बंद पडली म्हणून उशीर झालेल्याने असल्या वाक्याखाली सही का करावी? म्हणून दुसऱ्याने लिहिलेले उत्तर आधी वाचून घ्या, अर्थ विचारा, मगच सही करा. जिथे मराठी चालते तिथे खुशाल मराठीत लिहा. जिथे इंग्रजीच लागते तिथे घरातल्या शाळेत जाणाऱ्या लेकीला जवळ बसवा आणि ही चार वाक्ये तिच्यासोबत वहीत उतरवून काढा. तिचाही अभ्यास होईल.