टांगत्या टोपलीची जयणा

शहरातील सदनिकांना अंगण उरले नाही, तेव्हा बाग छताला टांगली गेली. मोत्यांच्या माळेसारखी लोंबणारी 'स्ट्रिंग ऑफ पर्ल्स', जाड वेणीसारखी 'बरोज टेल' आणि जोडीजोडीने हृदयाकृती पाने धरणारी 'स्ट्रिंग ऑफ हार्ट्स' या वेली आता बहुतेक रोपवाटिकांत मिळतात. पहिली आणि तिसरी आफ्रिकेच्या दक्षिण भागातील, दुसरी मेक्सिकोकडील. वनस्पतिशास्त्राची मराठी पुस्तके अशा पानांना 'मांसल' म्हणतात. जैन घरात 'रसाळ' हा शब्दच शोभावा.

या जातीच्या वनस्पती श्रावकाला अगदीच अपरिचित नाहीत. 32 अनंतकायांच्या प्रचलित यादीत कुमारी, म्हणजे कोरफड, आणि थोर यांची नावे आहेत. 'जीवविचार' प्रकरणात साधारण वनस्पतीची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत कापल्यावर पुन्हा उगवणे हे एक आहे. बरोज टेलचे एक पान मातीवर पडले, तरी त्याला मुळे फुटून नवे रोप होते. या परदेशी वेलींची नावे यादीत नाहीत, आणि त्यांविषयीचा निर्णय गुरुमहाराजांनीच द्यावा. पण लक्षण डोळ्यांसमोर जुळताना दिसते. येथे खाण्याचा प्रश्न नसला, तरी पाळण्याचा आहे. अनंत जीवांचा आश्रय असू शकेल अशी टोपली शोभेसाठी आणायची आणि महिन्याभरात सडवून कचऱ्यात टाकायची, यात प्रमाद उघड आहे.

आणि या वेली मरतात त्या बहुधा तहानेने नव्हे, तर पाण्याने. कोरड्या प्रदेशातील या झाडांनी पानांतच साठा करून ठेवलेला असतो. त्यांतील अनेकांची पर्णरंध्रे दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडून हवा आत घेतात; श्रावकाच्या चौविहाराच्या नेमके उलट. त्यामुळे पाणी फार सावकाश खर्च होते. रोज सकाळी घातलेला तांब्याभर पाण्याचा प्रेमळ रतीब मुळांना कुजवतो. पाणी कधी घालावे, हे वार पाहून ठरवू नये. टोपली तळहातावर किंचित उचलून पाहावी. हाताच्या अंदाजाने वजन ओळखणे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. ती हलकी लागली, मोत्यांवर बारीक सुरकुती दिसू लागली, की भरपूर पाणी द्यावे आणि सगळे खाली निथळू द्यावे. टोपलीखाली जोडलेली बशी काढून टाकणे उत्तम. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि मग ते पाणी ओतणेही हिंसेचे ठरते. चातुर्मासात टोपल्या पावसाच्या झडीपासून आत घ्याव्यात. त्या महिन्यांत दोन पाण्यांमधले अंतर पंधरवड्यावर गेले, तरी काळजी नसावी.

मातीचे मिश्रण पाणी धरून ठेवणारे नसावे. निम्मी जाड वाळू किंवा विटेची बारीक खडी, उरलेली साधी माती आणि थोडे कुजलेल्या पानांचे खत एवढे पुरते. तयार मिश्रणाची पिशवी घेणाऱ्यांनी तिच्यावरील मजकूर मात्र वाचावा. अशा मिश्रणांत हाडांचा चुरा घातलेला असू शकतो. घरच्या मिठाईच्या पुड्यावरील बारीक अक्षरे वाचणारे कुटुंब कुंडीतील मातीविषयी इतके बेफिकीर का असावे?

उजेडाची एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. टोपली अगदी छताला भिडवून टांगली, तर वेलीची टोके उजेडात आणि माथा अंधारात राहतो. काही महिन्यांनी वर टक्कल पडते आणि खाली चार माळा उरतात. टोपली नजरेच्या उंचीवर, पूर्वेच्या गॅलरीत, सकाळचे कोवळे ऊन मातीच्या पृष्ठभागावर पडेल अशी असावी. एप्रिल-मेमध्ये दुपारी आडोसा हवा. मोत्यांची माळ पोटात गेल्यास अपाय होतो, म्हणून ती लहान मुलांच्या हाताला लागू नये.

खरी कसोटी पिठ्या ढेकणाची. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात, ते हे कीटक. टांगत्या तारेवरून मुंग्यांची रांग ये-जा करू लागली, तर बेचके आधी तपासावे, कारण त्यांच्या अंगातून स्रवणारा गोड द्रव मुंग्यांना हवा असतो. हे त्रस जीव आहेत. त्यांच्यावर औषध फवारणे म्हणजे सरळ संकल्पी हिंसा. नीमतेल सेंद्रिय असते म्हणून अनेक श्राविका ते निर्धास्तपणे वापरतात; पण सेंद्रिय म्हणजे अहिंसक नव्हे, कीटक त्यानेही मरतात. म्हणून जयणा आधीच हवी. अतिपाणी आणि अतिखत यांनी वाढलेली लुसलुशीत पालवी या किडीला विशेष मानवते. नवे रोप आणल्यावर ते तीन आठवडे इतर झाडांपासून वेगळे ठेवावे, वारा खेळता असावा, दर पाचव्या-सातव्या दिवशी बेचके पाहावे. इतके करूनही कीड पडलीच, तर ती टोपली घरातील इतर कुंड्यांपासून दूर, उघड्या जागी एखाद्या झुडपाच्या सावलीत ठेवून द्यावी. वेल कदाचित वाचणार नाही. तेवढा तोटा सोसावा.

नवे रोप करण्यासाठी फांदी खुडण्याचीही गरज नाही. बरोज टेलची पाने नुसत्या धक्क्याने गळतात. तीच वेचून कोरड्या मातीवर पसरून ठेवावीत. काही आठवड्यांत त्यांना बारीक मुळे फुटतात आणि मूळ पान सुकत सुकत नव्या रोपाला आपला साठा देते.

पालीताण्याला किंवा शिखरजीला पंधरा दिवसांसाठी निघताना शेजाऱ्यांकडे चावी देण्याची प्रथा आहे. दूध आणि वर्तमानपत्र बंद ठेवण्याचे त्यांना अवश्य सांगावे. टोपल्यांना पाणी घालू नका, हेही सांगून जावे.