अंगठ्याचा हिशेब

‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय? मग भ्यायचं कशाला?’

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहाचा घोट घेत एक पांढरपेशा मित्र असं म्हणाला. मोबाईल आपलं बोलणं ऐकतो, ऐकू दे. सरकारकडं सगळ्यांचे ठसे आहेत, असू दे. दुसऱ्या घोटाला तो चंद्रावर पोचला. आपलं यान कसं अलगद उतरलं! तिसऱ्या घोटाला म्हणाला, ‘आता सगळं मशीनच करणार. बरंच झालं. मशीनला जात नसते.’ चहा संपला. विज्ञान संपलं. प्रायव्हसीही संपली. तिथं त्याला उत्तर दिलं नाही. इथं देतो.

लपवण्यासारखं काही नाही, हे कोण म्हणू शकतो? ज्याचं आडनाव ऐकून घरमालक खुर्ची पुढं सरकवतो, तो. ज्याचं आडनाव ऐकून घरमालकाला एकाएकी आठवतं की खोली कालच दुसऱ्याला दिली, त्याला विचारा. आमच्याकडं लपवण्यासारखं आहे, बाबा. जात आहे. तिची आम्हांला लाज वाटते म्हणून लपवत नाही. तुमच्या हातात काठी आहे म्हणून लपवावी लागते.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया आणि लंडन पाहून आलेला माणूस. पण गावात राहायला जागा नाही. एका पारशी धर्मशाळेत, वहीत पारशी नाव घालून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेऊन पारशांचा घोळका वर चढला. कोण तू, बोल! संध्याकाळच्या आत खोली खाली करावी लागली. वहीतलं ते खोटं नाव, एवढीच त्यांची प्रायव्हसी. ती अकरा दिवस टिकली. आज वही गेली, आधारची झेरॉक्स आली. आज त्यांना अकरा मिनिटंही मिळाली नसती.

म्हणून आम्ही म्हणतो, प्रायव्हसी ही गुबगुबीत लोकांची चैन नाही. ज्याला उघडं पाडून मारतात, त्याची ती ढाल आहे.

आता अंगठ्याचा इतिहास बघा. १८५८ साली बंगालमधल्या विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा उमटवून घेतला. का? तर नेटिव्ह माणूस उद्या सही नाकारील. म्हणजे ठशाचा जन्मच अविश्वासातून झाला. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं ब्युरो निघालं. डोकं चालवलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी, जगभर नाव झालं एडवर्ड हेन्रीचं. इकडं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता. १९११ साली तो देशभर ताणला आणि त्यात ठसे घेण्याचं कलम घातलं. चोरी केली म्हणून नव्हे, आईच्या पोटातून आला म्हणून गुन्हेगार! पाटलाकडं हजेरी, चौकीत हजेरी, सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या आत हजेरी. १९५२ साली कायदा रद्द झाला. पारध्याच्या पालावर पडणारी पोलिसांची धाड रद्द झाली का? उलट २०२२ साली नवा कायदा आला. पकडलेल्या माणसाचे ठसे, बुबुळं, चेहरा घ्या आणि ७५ वर्षं जपून ठेवा. आता आम्हांला सांगा, या देशात रात्री-बेरात्री पकडलं कोण जातं? मशीनला जात नसेल. मशीनसमोर कुणाला उभं करायचं, हे ठरवणाऱ्याला आहे.

हजेरी गेली नाही, मित्रांनो. हजेरी मनगटावर आली.

नागपूर, चंदीगड इथल्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या हातात जीपीएसची घड्याळं बांधली. ऑफिसातल्या स्क्रीनवर माणसाचा ठिपका होतो. ठिपका हद्दीबाहेर गेला की पगाराला कात्री. झाडूवाली बाई मुतारी शोधत दोन गल्ल्या पलीकडं गेली तरी ठिपका हलतो. मुकादमानं सगळं बघायचं आणि तिनं मान खाली घालून झाडायचं. मग इंजिनिअरच्या मनगटावर घड्याळ का नाही? टेंडर पास करणाऱ्या साहेबाचा ठिपका कुठल्या स्क्रीनवर दिसतो? तो ठेकेदाराच्या गाडीत बसून कुठं जेवायला जातो, ते आम्हांला बघू द्या की.

आणि हेच विज्ञान मॅनहोलच्या तोंडाशी आलं की आंधळं होतं. कामगार कुठल्या गल्लीत उभा आहे ते आकाशातून कळतं, पण खाली गटारात किती विषारी वायू साचलाय ते मोजायला कुणी साधं यंत्र आणत नाही. मैला उचलायला माणूस लावायचा नाही, हा कायदा १९९३ चा. दुसरा, त्याहून कडक, २०१३ चा. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं. २३ ऑगस्ट २०२३ ला यान चंद्रावर उतरलं आणि पेढे वाटले गेले. दोन महिनेही झाले नाहीत, तर २० ऑक्टोबरला त्याच कोर्टाला सांगावं लागलं, की आता १० नाही, ३० लाख द्या. म्हणजे माणसं मरतच होती. पहिली बातमी कॅन्टीनमध्ये महिनाभर चालली. दुसरी एका चहापुरतीही चालली नाही.

आम्ही चंद्राच्या विरोधात नाही. तो आमचाही आहे. पण तिथवर पोचणाऱ्या देशाला दहा फूट खोल गटारात यंत्र उतरवता येत नाही, हे आम्ही मानणार नाही. येतं. २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये बँडिकूट नावाचा रोबो मॅनहोल साफ करायला उतरला. म्हणजे अडचण तंत्राची नाही. माणूस स्वस्त आहे, आणि तो कुठल्या वस्तीतून आणायचा ते ठेकेदाराला पाठ आहे.

आमच्या आईचं सांगतो. आयुष्य झाडूच्या दांड्यावर आणि दुसऱ्यांच्या भांड्यांवर गेलं. अंगठ्यावरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की मशीन नाही म्हणतं. पुसून लावा. दुसरं बोट लावा. ‘मावशी, उद्या या.’ उद्याचाही रोज बुडतो. जिनं राबून राबून बोटं झिजवली, तिलाच मशीन विचारतं, तू तूच कशावरून? बिनकष्टाच्या बोटाला मात्र ते झटकन ओळखतं. मशीनला जात नसते म्हणे!

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला दिलं, ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. गरिबाला ओळख मिळाली म्हणून टाळ्या पडल्या. बरोबर सात वर्षांनी, एक दिवस कमी, २८ सप्टेंबर २०१७ ला झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक पोर मेली. आधारला जोडलं नाही म्हणून घरचं रेशन कार्ड यादीतून उडवलेलं होतं. सरकार म्हणालं, मलेरिया. आई म्हणाली, पोर भात मागत मेली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखानं निकाल दिला होता, की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. चांगला निकाल आहे. आम्ही तो छातीशी धरतो. पण पुढच्याच वर्षी त्याच कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं रेशनला आधारचा अंगठा कायम ठेवला. बँकेचं खातं सुटलं, मोबाईलचं सिम सुटलं. पोट तेवढं सुटलं नाही.

२०२३ साली माहिती जपण्याचा कायदा केला. कुणाची माहिती जपली? सुरक्षेचं, सुव्यवस्थेचं नाव घेऊन सरकारला आपली कुठलीही यंत्रणा त्यातून बाहेर काढता येते. वर त्याच कायद्यानं माहितीच्या अधिकाराला टाचणी लावली. वैयक्तिक माहिती म्हटली की नाकारायला दार मोकळं. उद्या ठेकेदाराचं मस्टर मागा, साहेब म्हणेल, वैयक्तिक आहे. म्हणजे आमचं पोट, बुबुळ, चालणं उघडं. त्यांचे कागद झाकलेले. प्रायव्हसीतही सोवळं!

आता शेवटचं. ‘लपवण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यानं हे नीट ऐकावं. ३१ डिसेंबर २०१७ ला पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. त्या खटल्यात ६ जून २०१८ ला ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे आणि रोना विल्सन यांना अटक झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं विल्सन यांचा संगणक तपासून अहवाल दिला, की बाहेरून कुणीतरी त्यात शिरून फायली ठेवल्या. तपासयंत्रणेनं ते मानलं नाही. दोघांना जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षं, तीही खटला उभा न राहता. तुझ्याकडं लपवण्यासारखं काही नाही, ठीक. पण तुझ्या घराला कडी नसेल, तर नसलेलंही आणून ठेवता येतं.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. यंत्र नको म्हणणाऱ्या गांधींना बाबासाहेबांनी १९४५ सालीच सुनावलं होतं. दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे. म्हणून आम्ही मशीन फोडा म्हणत नाही. मशीनचं तोंड फिरवा म्हणतो. गटारात यंत्र उतरवा, माणूस बाहेर काढा. झाडूवालीच्या हातातलं घड्याळ काढा. अंगठा उमटो न उमटो, धान्य द्या. ठेकेदाराचं मस्टर, टेंडर, मेलेल्यांची यादी चौकात लावा.

आणि कॅन्टीनमधल्या मित्रा, तुझ्याकडं लपवण्यासारखं काही नाही ना? मग सुरुवात तुझ्यापासून. उद्या सकाळी ते घड्याळ तुझ्या मनगटावर बांध, आणि दुपारपर्यंत मुतायला जाऊन दाखव.